खाष्ट सासूचा चेहरा : ललिता पवार

बचत गटाच्या बैठकीत आम्ही कधी कधी एक प्रश्न विचारतो. सिनेमातली खाष्ट सासू म्हटलं की कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो? नांदेडकडच्या गावात विचारा नाहीतर लातूरकडच्या, पन्नाशीपुढच्या बायका लगेच एक डोळा बारीक करून, ओठ वाकडा करून दाखवतात. नाव सगळ्यांना आठवत नाही. कोणी 'ती मंथरा' म्हणते, कोणी 'ती वाकड्या डोळ्याची' म्हणते. त्या बाईंचं नाव ललिता पवार. आजच्या भागात त्यांच्याविषयी बोलू. तो डोळा तसा का झाला, आणि तो चेहरा बघून बघून आपल्या मनात सासूचं काय चित्र बसलं, तेही बघू.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. हेच ते पैठणीचं येवला. माहेरचं नाव अंबा. वडिलांचा कापडाचा व्यापार होता. त्या काळी चांगल्या घरच्या मुलीनं सिनेमात जाणं ही बोभाट्याची गोष्ट होती. तरी ही मुलगी लहानपणीच मूकपटात काम करू लागली. मूकपट म्हणजे आवाज नसलेला सिनेमा. सगळं तोंडानं, डोळ्यांनी आणि हातांनी दाखवायचं. पुढं ललिताबाई एका नजरेत समोरच्याला गार करायच्या, त्याची तयारी इथली होती. पवार हे आडनाव त्यांचे पहिले पती, दिग्दर्शक गणपतराव पवार यांचं.

तरुणपणी त्या नायिका होत्या, हे फार थोड्यांना माहीत आहे. मारधाडीच्या, पौराणिक, सामाजिक अशा सगळ्या प्रकारच्या चित्रपटांत त्यांनी नायिका केली. १९३२ च्या 'कैलाश' या मूकपटाच्या त्या सहनिर्मात्या होत्या, म्हणजे सोळाव्या वर्षी. पुढं १९३७ मध्ये 'दुनिया क्या है' हा बोलपट त्यांनी काढला. तेव्हा पडद्यामागून दुसरीनं गायची पद्धत रुळली नव्हती, नायिकेला गाताही यावं लागे. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दां'मध्ये त्या स्वतः गायल्या. दिसायला देखण्या, गळ्यात गाणं, हातात स्वतःचा धंदा, अशी ही बाई होती.

मग १९४२ साल आलं. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. एका दृश्यात सोबतच्या नटानं त्यांना थोबाडीत मारायची होती. तो नट म्हणजे भगवान पालव, ज्यांना आपण भगवानदादा म्हणतो. हात जरा जास्तच जोरात बसला. मुद्दाम कोणी केलं नव्हतं, पण व्हायचं ते झालं. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा मारला आणि डाव्या डोळ्याची शीर दुखावली. पुष्कळ दिवस उपचार चालले. चेहरा बराचसा सावरला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला.

आता विचार करा. बाई सव्वीस वर्षांची, आणि पोट भरतं चेहऱ्यावर. नायिकेचा चेहरा कसा हवा, हे ठरवणारे निर्माते आणि बघणारे प्रेक्षक, दोघंही निष्ठुर. नायिकेची कामं बंद झाली. सिनेमात काम करणाऱ्यांच्या कल्याणासाठी आणि त्यांच्या नोकरीच्या अटींसाठी खास कायदे झाले ते १९८१ साली, म्हणजे या घटनेनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. ललिताबाईंपुढे दोनच रस्ते होते. घरी बसायचं, नाहीतर जो चेहरा उरला आहे तो घेऊन पुन्हा कामाला लागायचं. त्यांनी दुसरा रस्ता धरला.

तिथून त्या 'चरित्र अभिनेत्री' झाल्या. हा शब्द नीट समजून घेऊ. सिनेमात नायक आणि नायिका असतात. पोस्टरवर त्यांचे मोठे फोटो लागतात, गाणी त्यांच्यावर होतात. पण गोष्ट त्या दोघांवर चालत नाही. आई लागते, सासू लागते, आत्या, मावशी, घरमालकीण, शेजारीण, नर्सबाई लागते. ही माणसं उभी करणारे ते चरित्र अभिनेते. एका वेळी पाच-सात चित्रपटांत कामं असतात, सकाळी एका स्टुडिओत आई आणि संध्याकाळी दुसरीकडे सासू. पैसा नायिकेपेक्षा कमी, पण नायिकेचं वय झालं की काम संपतं आणि यांचं चालूच राहतं.

बायकांच्या बाबतीत त्यात आणखी एक गोम आहे. नायक वर्षानुवर्षं नायक राहतो, बाई मात्र लवकर 'आई' होते. नुसती जन्मसालं बघा. ललिताबाई १९१६ च्या, राज कपूर १९२४ चे. अंतर आठ वर्षांचं. तरी 'श्री ४२०' आणि 'अनाडी'मध्ये राज कपूर पोरगा आणि ललिताबाई आईसारख्या. सुलोचनादीदी १९२८ च्या आणि नूतन १९३६ ची, इथंही आठच वर्षांचं अंतर. 'सुजाता'मध्ये सुलोचनादीदी नूतनच्या आई झाल्या. त्याच चित्रपटातली त्यांची दुसरी मुलगी म्हणजे सोलापूरची शशिकला, १९३२ ची. आई आणि मुलीत चार वर्षं! आपल्या घरातही असंच होतं की. नवरा पन्नाशीत 'अजून काय वय झालंय' म्हणून मिरवतो आणि त्याच घरातल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला, सून आली की सगळे म्हातारी म्हणायला लागतात.

ललिताबाईंनी मात्र या गोष्टीचं भांडवल केलं. तो बारीक डोळा त्यांनी लपवला नाही, उलट कामाला लावला. डोळा आणखी बारीक करायचा, ओठाचा कोपरा वाकवायचा, मान थोडी तिरकी करायची आणि समोरच्या सुनेकडे नुसतं बघायचं. संवाद यायच्या आधीच प्रेक्षकाला कळे की आता हिचं काही खरं नाही. अडीच-तीन तासांच्या सिनेमात प्रत्येक माणसाची ओळख करून द्यायला वेळ नसतो. बघताक्षणी कळेल असा चेहरा निर्मात्याला हवा असतो. ललिताबाईंकडे तो होता. ज्या जखमेनं नायिकेचं काम गेलं, त्याच जखमेवर पुढची पन्नास वर्षं काम मिळालं.

१९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. त्यात त्या आनंदीबाई झाल्या. आपल्याकडे कोणी कागदात फेरफार केला की आपण 'ध चा मा केला' म्हणतो, तीच ही आनंदीबाई. मग १९५० मध्ये व्ही. शांताराम यांचा 'दहेज' आला. हुंड्यावरचा हा चित्रपट खूप गाजला. त्यातली हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू ललिताबाईंची होती. तिथून त्यांच्यावर सासूचा शिक्का बसला तो कायमचा.

हुंड्यावर बंदी घालणारा कायदा १९६१ मध्ये आला, म्हणजे सिनेमानं हा प्रश्न त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी पडद्यावर आणला होता. ते चांगलंच झालं. पण त्यासोबत एक गोष्ट नकळत झाली. हुंडा म्हटलं की सगळा दोष सासूच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. आपल्याकडे सोयरीक कशी होते ते आठवा. बैठकीत बसतं कोण? देण्याघेण्याची यादी करतं कोण? कागदावर सह्या कोणाच्या असतात? पुरुषांच्याच की. सासू त्यावेळी आत चहा करत असते. नंतर भांड्यांवरून, साड्यांवरून टोमणे ती मारते, हे खरं आहे आणि ते चूकच आहे. ज्या घरात सुनेचा छळ होतो तिथं सासूला माफी नाही. पण यादी करणारे हात पडद्यावर दिसत नाहीत आणि टोमणे मारणारं तोंड दिसतं, एवढं ध्यानात ठेवायला हवं.

ललिताबाई नुसत्या खाष्ट सासू होत्या असंही नाही. १९५९ चं साल बघा. त्या एकाच वर्षी त्यांचे दोन चित्रपट आले. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये त्या जातपात पाळणारी आत्या झाल्या. एका ब्राह्मण घरात वाढलेली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेली पोरगी, आणि तिची सावलीही नको म्हणणारी ही आत्या. दुसरा चित्रपट 'अनाडी'. त्यात त्या मिसेस डिसा, एक ख्रिस्ती घरमालकीण. तोंडानं फटकळ, सारखं खेकसणारी, पण घरात भाड्यानं राहणाऱ्या पोरावर आईसारखी माया करणारी. तो कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे तिच्या मनातही येत नाही. पुढं खराब औषधानं तिचा जीव जातो आणि आळ त्या गरीब पोरावर येतो. औषध बनवणारा असतो मोठा कारखानदार. या भूमिकेला त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चेहरा तोच, डोळा तोच. एकीनं दार लावून घेतलं, दुसरीनं उघडून दिलं. एकाच वर्षात दोन्ही करून दाखवणं सोपं नाही.

'सुजाता'ची आणखी एक गंमत सांगतो. नूतन, सुलोचना, शशिकला आणि ललिता पवार, या चौघीही मराठी मातीतल्या. चित्रपट बंगाली दिग्दर्शकाचा, भाषा हिंदी आणि घरातल्या चारही बायका मराठी. त्यातल्या तिघींवर पुढं शिक्के बसले. सुलोचनादीदी सोशीक आई, शशिकला आगलावी, ललिताबाई कजाग. बाईला बघायचे सिनेमाला एवढेच साचे माहीत होते. भांडणाऱ्या पण प्रेमळ, चुकणाऱ्या पण सुधारणाऱ्या, अशा खऱ्या बाया फार थोड्या चित्रपटांत येत.

'श्री ४२०' हा १९५५ चा चित्रपट तर बचत गटाच्या बायांनी मुद्दाम बघावा. त्यात ललिताबाई मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई झाल्या आहेत. कष्टाळू आणि दिलदार बाई. त्या गोष्टीत एक शेठ गरिबांना शंभर रुपयांत घर देतो म्हणून योजना काढतो आणि फुटपाथवरची माणसं आपली पुंजी घेऊन रांग लावतात. सगळा डाव पैसे घेऊन पळायचा असतो. सत्तर वर्षं झाली त्याला. आजही आपल्याकडे कोणी ना कोणी दामदुप्पट घेऊन येतो, भिशी काढतो, साखळी जोडायला सांगतो. अशा वेळी गंगामाई आठवा. ती मूर्ख नव्हती. तिला घर हवं होतं. फसवणारा माणूस आपली नड बरोबर ओळखतो. म्हणून नोंदणीचा कागद, पावती आणि गटात चर्चा, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय एक रुपया बाहेर द्यायचा नाही.

त्याच वर्षीच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या बायकांच्या हक्कासाठी बोलणाऱ्या श्रीमंत आत्या झाल्या. त्या चित्रपटात या आत्याची टर उडवली आहे. बायकांच्या हक्काची भाषा करणारी म्हणजे पुरुषद्वेष्टी, घरं मोडणारी. गंमत अशी की त्याच १९५५ साली हिंदू विवाह कायदा आला आणि हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळाला. पडद्यावर जिला हसले, तिची मागणी कायद्यानं मान्य केली. बैठकीला जाणाऱ्या बाईला 'पुढारीण झाली' म्हणून आजही हसतात. ते हसणं जुनंच आहे.

'जंगली'मध्ये त्या घरात कोणाला हसू न देणारी आई होत्या. 'प्रोफेसर'मध्ये भाच्यांना धाकात ठेवणारी कडक बाई होत्या. ही बाई म्हाताऱ्या प्रोफेसरच्या प्रेमात पडते आणि तो म्हातारा खरा म्हातारा नसतोच. लोक पोट धरून हसले. पण आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या बाईला साज करावासा वाटला, तर त्यात एवढं हसण्यासारखं काय, असंही मनात येतं. ललिताबाईंनी ती बाई अशी केली की हसता हसता तिची दया येते. 'आनंद'मध्ये त्या दवाखान्यातल्या मेट्रन झाल्या, बाहेरून कडक आणि आतून मऊ. १९६१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आणि मग मंथरा. १९६१ च्या 'संपूर्ण रामायण' चित्रपटात त्या मंथरा झाल्या होत्या. सव्वीस वर्षांनी, १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हाही मंथरा त्याच. वय सत्तर. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या घरी सगळी गल्ली जमायची. आमच्या गटातल्या मावश्या सांगतात, की मंथरा दिसली की बायका बोटं मोडायच्या. पुढं २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मालिका पुन्हा दाखवली आणि आमच्या लेकरांनीही ती बघितली. ललिताबाईंना जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. २४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात त्या गेल्या. मूकपटापासून टीव्हीपर्यंत जवळपास सात दशकं त्या काम करत राहिल्या.

आता आपल्याकडे येऊ. ललिताबाईंचं काम इतकं पक्कं होतं की लोकांनी त्यांनाच वाईट मानलं. दोष त्यांचा नाही. आपण मात्र पडद्यावरचा तो चेहरा उचलून घरातल्या सासूला लावला. नवी सून घरात येते ती मनात मंथरा घेऊनच. आणि सासूलाही वाटतं, की डोळे वटारले नाहीत तर आपली किंमत राहणार नाही. दोघीही कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली भूमिका करत राहतात. घरातला पैसा, जमीन आणि निर्णय तिसऱ्याच्याच हातात राहतो.

गटात आम्ही हे जवळून बघतो. सून गटात आली की घरचे म्हणतात, आता म्हातारीचं नाव काढा आणि सुनेचं घाला. कधी कधी त्याला कारण असतं. दोघींची बचत झेपत नाही, किंवा कर्जाला वयाची अट आडवी येते. पण बऱ्याच वेळा कारण एवढंच असतं की म्हातारीला काय कळतंय. दहा-पंधरा वर्षं दर महिन्याला बचत भरणारी, गट तुटायला आला तेव्हा घरोघरी जाऊन तो धरून ठेवणारी बाई एका दिवसात बाजूला होते. तिला कोणी विचारतही नाही. म्हणून आमचं सांगणं आहे. कोणाही सभासदाचं नाव तिच्या घरच्यांच्या सांगण्यावरून काढायचं नाही. ती स्वतः बैठकीत येऊन, सगळ्यांपुढे बोलली, तरच ठराव लिहायचा. तिच्या बचतीचा आणि व्याजाचा हिशेब तिच्याच हातात द्यायचा. आणि शक्य असेल तर सासू-सून दोघींना वेगवेगळ्या गटांत सभासद करायचं. दोघींच्या हातात चार पैसे आले की घरातली भांडणं निम्मी होतात.

दुसरी गोष्ट, कामावरच्या इजेची. ललिताबाईंचा चेहरा कामावर गेला. आपल्याकडे सोयाबीनच्या मळणीत यंत्रात पदर अडकतो, ऊसतोडीत कोयता हातावर बसतो, कापणीत काडी डोळ्यात जाते. बाई हळद लावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जाते. तुमचं बँकेत खातं असेल आणि वय १८ ते ७० मध्ये असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला २० रुपये लागतात. अपघातात मृत्यू झाला, किंवा दोन्ही डोळे वा दोन हात-पाय कायमचे गेले, तर २ लाख रुपये मिळतात. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. हा विमा १ जून ते ३१ मे असा चालतो आणि हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापला जातो. म्हणून त्या आठवड्यात खात्यात पैसे हवेत. खातं रिकामं असेल तर विमा बंद पडतो. एक मात्र लक्षात घ्या. ललिताबाईंसारखी इजा, म्हणजे नजर शाबूत पण चेहरा गेला, या विम्यात बसत नाही. त्यामुळे मळणी यंत्रापुढे पदर खोचून, डोक्याला रुमाल घट्ट बांधूनच उभं राहायचं. विमा नंतरची गोष्ट आहे.

एखादा जुना चित्रपट टीव्हीवर लागला तर ललिताबाईंचं काम जरूर बघा. पहिला 'अनाडी' बघा आणि मग 'सुजाता'. सासूबाईंनाही सोबत बसवा. त्यांनी हे चित्रपट जत्रेतल्या तंबूत बसून बघितले असतील, तर त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ असेल. ऐका त्यांचं.

आज इथंच थांबतो. नमस्कार.